प्लातोन धक्क्यावर का थांबला

६ नोव्हेंबर, बुधवार
वेर्गा

आदरणीय लेखक न. झारेच्नी यांस,

आज सकाळी नऊ वाजता फेरीबोट शेवटची खेप करून आमच्या किनाऱ्याला लागली आणि बांधून ठेवण्यात आली. द्विना नदीत बर्फाचे तुकडे वाहू लागले आहेत. कप्तान क्लिमोव यांनी ही बातमी मला धक्क्यावर उभं राहून स्वतः दिली. डिसेंबरच्या मध्यापर्यंत त्यांच्या दारावर कुणी थाप मारू नये, हेही छापायला सांगितलं. म्हणजे आता तुमच्या आणि आमच्या किनाऱ्यात दोन किलोमीटर असं काहीतरी आहे, जे धड पाणी नाही आणि धड बर्फही नाही.

त्यामुळे हे पत्र वाकड्या वाटेने येईल. आधी टपालगाडीने चाळीस किलोमीटर वर जाईल, तिथे त्यावर शिक्का बसेल आणि मग मंगळवारच्या किंवा शुक्रवारच्या हेलिकॉप्टरने ते झारेच्येला उतरेल. माझ्या कचेरीच्या खिडकीतून तुमच्या गावच्या धुराड्यांचा धूर दिसतो. टपालखात्याला तो दिसत नाही.

मुद्द्यावर येते. तुमच्या कादंबरीचा एकोणिसावा भाग उद्याच्या अंकात जातो आहे. विसावा, म्हणजे शेवटचा, माझ्याकडे नाही. जूनमध्ये तुमचं पाकीट आलं, त्यात विसाव्या प्रकरणाच्या पानावर 'शनिवार' एवढाच मथळा होता आणि खाली कोरा कागद. उरलेलं मागून येईल असं मी धरून चालले. लेखकांचं बहुधा मागूनच येतं.

इथली परिस्थिती तुम्हाला कळावी म्हणून सांगते. जुलैपासून एकोणीस गुरुवार तुमचा प्लातोन हातात पेटी घेऊन धक्क्यावर उभा आहे. पलीकडे एक बाई राहते. तिच्याकडे जावं की जाऊ नये, हे त्याला ठरवता येत नाही. तो घड्याळ बघतो, कोटाच्या टोकाने चष्मा पुसतो, फेरी येते आणि भाग संपतो. पुढच्या गुरुवारी स्वारी पुन्हा धक्क्यावर. यावरून बेकरीच्या रांगेत दोन बायकांचा अबोला झाला आहे. औषधांच्या दुकानातल्या फाइना मात्वेयेव्नाचं म्हणणं, त्याला मागून कुणीतरी ढकला. एका वाचकाने प्लातोनसाठी लोकरीचे मोजे पाठवलेत, उभं राहून त्याचे पाय गारठले असतील म्हणून. ते आम्ही कचेरीच्या खिडकीत ठेवले आहेत. आणि क्लिमोव नाराज आहेत. एक माणूस सबंध हंगामभर बोटीत चढत नाही, तेव्हा लोकांना वाटणार की खोट बोटीतच आहे, अशी त्यांची तक्रार आहे.

आमची पानं बुधवारी दुपारी बारा वाजता छापखान्याकडे जातात. एकतीस वर्षांत माझा एकही बुधवार चुकलेला नाही. पुढच्या गुरुवारी 'समाप्ती लवकरच' अशी चौकट टाकून मी वेळ मारून नेईन. त्याच्या पुढच्या बुधवारपर्यंत शेवट हातात असावा, ही विनंती. तो जाईल की जाणार नाही, एवढं ठरवा. दोन्हीपैकी काहीही मी छापेन.

आपली प्रत्यक्ष ओळख नाही, त्यामुळे प्रकृतीची चौकशी करत नाही. गुडघ्याला मात्र थंडी लागू देऊ नका.

आपली,
तैसिया झाखारोव्ना
जबाबदार संपादक


१४ नोव्हेंबर, गुरुवार

गेर्मान,

तुझं कार्ड काल सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मिळालं. पोस्टातल्या बाईने ते माझ्या हातात देण्याआधी वाचलं होतं, हे तिच्याच चेहऱ्यावरून कळलं. तू लिहिलंस: 'एकोणीस वेळा उत्तर मिळालं. विसाव्यांदा विचारत नाही. न. झारेच्नी. ता. क. गुडघा बरा आहे.'

तेव्हा आता नाटक पुरे. जूनमध्ये पाकीट फोडलं तेव्हा पहिल्या ओळीतच तुला ओळखलं होतं. भूगोलाचे मास्तर नकाशावर नद्यांची नावं लिहितात तशी, वळणावळणाने जाणारी अक्षरं या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाची आहेत? टोपणनावाखाली लपायचं होतं तर निदान टाइप करून घ्यायचं होतंस.

कसलं उत्तर मिळालं तुला? मी काहीच उत्तर दिलेलं नाही. तू पाठवलंस, मी बारकाईने वाचलं आणि छापलं. संपादकाचं काम तेवढंच असतं.

आता माझी तक्रार ऐक. रविवारी ग्रंथालयात तुझ्या कादंबरीवर चर्चा ठेवली होती. शहरातून इन्नोकेंती ल्वोविच म्हणून प्राध्यापक मुद्दाम आले, तेही बसने सात तास. वय पस्तीसच्या आतलं, मफलर फार लांब. विषय होता: आजच्या रशियन कादंबरीतला निवडीचा प्रश्न. खुर्च्या कमी पडल्या, लोक खिडक्यांत बसले. प्राध्यापक म्हणाले, प्लातोन हा आपल्या काळातला सगळ्यात प्रामाणिक नायक आहे, कारण एक वाट धरली की दुसरी कायमची मरते हे त्याला कळलंय, आणि त्याला एकही मारायची नाही. न निवडणं हीच त्याची निवड. लेखकाने प्रत्येक प्रकरण फेरी येताच जिथे तोडलं आहे, तिथे कागदावरची कोरी जागासुद्धा बोलते, असंही ते म्हणाले. क्लिमोवने मागून विचारलं, जागा बोलते ते ठीक आहे, पण हा गडी उतारूंची वाट अडवून का उभा राहतो? सगळे हसले. नोन्ना तर शेवटच्या रांगेत रुमालात तोंड खुपसून एवढी हसत होती की तिला पाणी द्यावं लागलं. (नोन्ना आठवते ना? आमची प्रूफं वाचणारी. अजून तशीच आहे, फक्त चष्मे दोन झालेत.)

मग मी उठून बोलले. बोलायचं नव्हतं. म्हणाले की यात तत्त्वज्ञान वगैरे काही नाही, प्लातोन भित्रा आहे, बस्स. आणि खाली बसले.

घरी जाताना नोन्ना बरोबर होती. ओढ्यावरचा पूल आला तेव्हा म्हणाली, "तैसिया झाखारोव्ना, कोटाने चष्मा पुसणारं, दर दोन मिनिटांनी घड्याळ बघणारं आणि पेटीत शांगी घेऊन जाणारं माणूस आपल्या गावात कोण होतं, सांगा बरं."

बटाटा घालून भाजलेल्या राईच्या शांगी तुझ्यासाठी मीच नेत असे, दर शनिवारी, टॉवेलात गुंडाळून, गरम राहाव्यात म्हणून.

म्हणजे प्लातोन मी आहे. मला पँट चढवून तू धक्क्यावर उभं केलंस. अकरा वर्षांपूर्वी तुमच्या बाजूच्या धक्क्यावर तू मला म्हणाला होतास, "तास्या, तू आयुष्यात एकही निर्णय घेतला नाहीस. ना इकडची झालीस, ना तिकडची." मी त्याच फेरीने परत फिरले आणि पुन्हा आले नाही. एकदा बोललास ते पुरेसं होतं. तेच एकोणीस हप्त्यांत लिहायचं, आणि माझ्याच पेपरात, माझ्याच हातांनी छापून घ्यायचं? वर पुन्हा म्हणायचं, उत्तर मिळालं?

तरी छापलं, कारण चांगलं लिहिलं आहेस. पावसाची पानं तर फारच चांगली आहेत.

विसावं प्रकरण पाठव. निदान कामापुरतं तरी माणसासारखं वाग.

तैसिया


२३ नोव्हेंबर, शनिवार

गेरा,

तुझं पत्र काल दुपारी आलं. चार ओळी. पहिल्या तीन शांतपणे वाचल्या. चौथी अशी होती: 'मी त्याला एकोणीस वेळा बोटीत चढवलं, आणि तू एकोणीस वेळा त्याला खाली उतरवून ठेवलंस.'

ती मी उभ्याउभ्याच तीन वेळा वाचली. मग नोन्नाच्या टेबलाशी गेले. ती वाढदिवसांच्या शुभेच्छांचं प्रूफ वाचत होती. मी विचारलं, गेर्मानच्या, म्हणजे झारेच्नीच्या प्रकरणांत छापलंय त्याहून पुढे काही होतं का? नोन्नाने एक चष्मा काढला, दुसरा लावला, कपाट उघडलं आणि निळी फाइल माझ्यापुढे ठेवली. त्यात एकोणीस चिटोऱ्या होत्या, प्रत्येकीला टाचणी. तुझ्या हातच्या, वळणावळणाच्या.

"एकशे वीस ओळी झाल्या की खालून काप, असं तुम्हीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "तसं कापलं."

"तू वाचलंस हे?"

"मी प्रूफं वाचते, बाई. वाचण्याचाच पगार मिळतो मला."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, मुद्दाम कापताय. तुमचं आणि गेर्मान साव्विचचं खासगी. आम्ही कशाला मध्ये तोंड घालावं?"

मी विचारलं, लेखक कोण ते तिला कधी कळलं. नोन्नाने माझ्याकडे दयेने पाहिलं. "अख्ख्या वेर्गाला माहीत आहे. खिडकीतले मोजे बघा एकदा. शेहेचाळीस नंबरचा पाय या नदीच्या दोन्ही काठांवर आणखी कुणाचा आहे?"

गेरा, आता कबूल करते. मागच्या पत्रात लिहिलं की बारकाईने वाचलं. खोटं. जूनमध्ये पहिलं पान वाचलं, तुझं अक्षर ओळखलं, आणि पुढे वाचायचा धीर झाला नाही. पाकिटातली पानं फक्त मोजली. मग सगळा गठ्ठा नोन्नाला दिला आणि म्हणाले, दर अंकाला एकशे वीस ओळी, जास्त झालं तर खालून काप. त्यानंतर मीही दर गुरुवारी सगळ्यांसारखीच पेपरात वाचत होते, छापलं होतं तेवढंच.

का खालून, तेही सांगते, म्हणजे तू मला दुष्ट समजणार नाहीस. मूर्ख समज, चालेल. आमच्याकडे बातमी लिहिताना सगळ्यात महत्त्वाचं सगळ्यात वर असतं. काय झालं, कुणी सांगितलं. मग कमी महत्त्वाचं, मग त्याहून कमी. जागा अपुरी पडली की शेवटून कापायचं, डोळे मिटून, कारण शेवटी काही नसतंच. एकतीस वर्षं मी अशीच कापत आले. पूर आला, निवडणुका झाल्या, शाळेचा समारंभ झाला, सगळं खालून. गोष्ट लिहिणारा माणूस जे सांगायचं ते राखून ठेवतो आणि शेवटच्या वीस ओळींत देतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि मी स्वतःहून शिकले नाही.

काल कचेरी बंद झाल्यावर नव्हे, भर दुपारी, दार लावून, फोन उचलून बाजूला ठेवून मी त्या एकोणीस चिटोऱ्या एकामागून एक वाचल्या. तो जातो. पहिल्याच प्रकरणात दोर सोडायच्या आत तो पेटी उचलतो आणि जातो. चौथ्यात फळीवरून घसरतो, टोपी नदीत पडते, तसाच बोडका जातो. सातव्यात मध्य नदीत कप्तानाशी भांडतो. (हे क्लिमोवला वाचून दाखवलं, तो म्हणाला, हे खरं घडलेलं आहे आणि चूक माझी नव्हती.) अकराव्यात पाऊस असतो, आणि ती पलीकडे छत्री न उघडता भिजत उभी असते, कारण छत्रीआड तो दिसायचा राहून जाईल. दर शनिवारी जातो, दर रविवारी परत येतो कारण सोमवारी काम आहे, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा पेटी घेऊन उभा राहून तेवढाच घोळ घालतो आणि तेवढाच जातो. मी छापलेल्या कादंबरीत एक माणूस वर्षभर कुठेच जात नाही. तू लिहिलेल्या कादंबरीत तो एकदाही थांबत नाही.

एकोणिसाव्याची शेपटी मला आता पाठ झाली आहे. 'प्लातोन स्वतःला दोन काठांमध्ये लोंबकळणारा माणूस समजत होता. पलीकडे उभी असलेली बाई मात्र मोजत होती. हा पाचशे अडुसष्टावा शनिवार. पाचशे अडुसष्ट वेळा त्याने नव्याने ठरवलं होतं, आणि प्रत्येक वेळी तेच ठरवलं होतं.'

मी हिशेब करून पाहिला. भांडणाआधीची आपली तेरा वर्षं. वर्षाला चव्वेचाळीस शनिवार, कारण शरदात पाच आणि वसंतात तीन आठवडे नदी ओलांडता येत नाही. त्यातून फ्लूचे चार वजा. पाचशे अडुसष्ट. तू मोजत होतास, गेरा.

तू हे माझ्यासाठी क्षमा म्हणून लिहिलंस आणि मी दर गुरुवारी क्षमेचा भाग कापून उरलेलं तुझ्याकडे परत पाठवत होते. एकोणीस वेळा. तू ते वाचून काय समजलास ते आता मला कळतंय, आणि लाज वाटतेय. पण खरं सांगू? त्याच वेळी हसूही येतंय. प्राध्यापक त्या कोऱ्या जागेबद्दल बोलत होते ना, ती फाइना मात्वेयेव्नाच्या दुकानाच्या जाहिरातीसाठी केलेली जागा होती.

आणखी एक. संध्याकाळी घरी आल्यावर अकरा वर्षांपूर्वीचं तुझं पत्र काढलं, भांडणानंतर चार दिवसांनी आलेलं. ते मी तेव्हा पहिल्या पानाच्या अर्ध्यापर्यंत वाचलं होतं. तिथे तू अजून रागावलेलाच होतास, म्हणून घडी घालून ठेवून दिलं. काल दुसरं पान उलटलं. तळाशी लिहिलंय: 'रागात बोललो. शनिवारी बान्या तापवून ठेवतो. ये.'

गेरा, मला माफ कर. ते वाफेचं न्हाणीघर थंड होऊन अकरा वर्षं झाली.

तास्या


५ डिसेंबर, गुरुवार

गेरा,

आजचा अंक सकाळी साडेसात वाजता छापखान्यातून आला, आणि नऊ वाजता संपला. हे पोस्टातल्या बाईनेच सांगितलं, तिलाही मिळाला नाही. आठ पानी पुरवणीत एकोणीसच्या एकोणीस शेपट्या आहेत, क्रमाने, एकही ओळ न कापता. पहिल्या पानावर चौकट आहे, मी स्वतः लिहिलेली: 'दुरुस्ती. संपादकाच्या चुकीमुळे प्लातोन एकोणीस आठवडे धक्क्यावर राहिला. प्रत्यक्षात तो दर वेळी गेला होता. संपादक वाचकांची, लेखकाची आणि प्लातोनची क्षमा मागत आहे.' एकतीस वर्षांत एवढ्या आनंदाने दुरुस्ती छापली नव्हती.

बेकरीतल्या दोघींचा अबोला सुटला. आता दोघी मिळून माझ्याशी बोलत नाहीत, कारण उन्हाळाभर विनाकारण भांडायला लावलं. फाइना मात्वेयेव्ना गल्ल्यावर बसून वाचत रडली, गिऱ्हाइकाला खोकल्याऐवजी पोटाचं औषध दिलं, आणि ते परत करायला आलेलं गिऱ्हाईकही तिथेच उभं राहून वाचू लागलं. क्लिमोवने पुरवणी धक्क्यावरच्या टपरीच्या काचेवर आतून चिकटवली आहे आणि सातवं प्रकरण लाल पेन्सिलने अधोरेखित केलं आहे. बोटीबद्दलचा संशय मिटला, म्हणतो.

प्राध्यापकांना पुरवणीची प्रूफं मी आधीच पाठवली होती, त्यांचं पत्र आलं. ते फार दुःखी आहेत. त्यांच्या मते नायक जातो म्हटल्यावर कादंबरी साधी झाली आणि अर्थ गेला. कापलेली आवृत्ती वेगळी पुस्तकरूपाने काढावी, लेखक म्हणून माझं नाव तुझ्या खाली घालावं, असं त्यांनी सुचवलं आहे. मी उत्तर दिलं की नाव वरच घाला, खालचं कुणीतरी कापतं.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. या वेळी शेवटापासून सुरुवातीकडे वाचलं, खबरदारी म्हणून. नंतर सरळ वाचलं. बान्याच्या पायरीवर बसून माझं पत्र वाचताना तू एवढा हसलास की शेजारची म्हातारी उस्तीन्या दार उघडून बघायला आली, आणि 'काय झालं' विचारल्यावर तू तिला म्हणालास, "तास्या मला वीस ओळी लांब पडत होती, दुसरं काही नाही." मला ते फार आवडलं.

आणि मग तू विचारलंस. मी आता काही म्हणणार नाही, तू म्हणतोस, या वेळी तूच सांग, कुठल्या काठावर राहायचं. तू इकडे यायला तयार आहेस. भूगोलाचे नकाशे माझ्या दोन खोल्यांत मावतील का, एवढीच शंका. किंवा मी निवृत्ती घेऊन तिकडे यावं, घराचा उत्तरेकडचा भाग दुरुस्त केला आहेस.

आठवडाभर विचार केला. खरंच केला, घड्याळ बघत, चष्मा पुसत. नोन्ना मला प्लातोन झाखारोव्ना म्हणायला लागली होती.

उत्तर असं आहे, गेरा. कुठल्याच काठावर नाही. बुधवारी बारा वाजता मला इथं असायला आवडतं. पानं घेऊन गाडी निघते, खोली एकदम शांत होते, नोन्ना चहा ठेवते, हे मला सोडायचं नाही. आणि तू नकाशांसकट माझ्या दोन खोल्यांत आलास तर तीन आठवड्यांत नदीकडे तोंड करून बसशील, मला माहीत आहे. मी शनिवारी येईन. रविवारी परत जाईन. मग पुन्हा शनिवारी येईन. पूर्वीही आपण हेच करत होतो, फक्त आपण दोघंही त्याला अडकून पडणं म्हणत होतो. तू ओरडून म्हणालास, मी मनातल्या मनात म्हणत होते. दर शनिवारी धक्क्यावर मला वाटायचं, आज नको जाऊ या, आणि दर शनिवारी मी जायचे. एकदा कायमचं ठरवून टाकलं असतं तर ते वाटणं बंद झालं असतं, आणि जाणंही इतकं गोड राहिलं नसतं.

मधल्या अकरा वर्षांचे चारशे चौऱ्याऐंशी शनिवार होतात. मोजले, एकदा पोटभर रडले, आणि बाजूला ठेवले.

विसाव्या प्रकरणाचं तू म्हणतोस ते मला पटलं. आधी घडू दे, मग लिही. वाचकांना मी कळवलं आहे की शेवट तयार होईल तेव्हा येईल. नोन्नाने ते वाचून माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

तास्या


१३ डिसेंबर, शुक्रवार

गेरा,

आज दुपारी दोन वाजता मध्य नदीत बर्फाची जाडी एकोणीस सेंटिमीटर भरली. क्लिमोव स्वतः गिरमिट घेऊन गेला होता, हिवाळ्यात बोट नसते तेव्हा बर्फ मोजायचं काम त्याच्याकडेच असतं. दोन्ही काठांच्या मध्ये त्याने लार्चच्या फांद्या रोवून वाट आखली आहे. पायी जायला परवानगी उद्या सकाळी दहापासून. गाड्यांना अजून दोन आठवडे तरी नाही. ही बातमी पुढच्या गुरुवारच्या अंकात येईल, पण तोवर ती शिळी झालेली असेल, म्हणून तुला आधी कळवते.

हे पत्र टपालात टाकत नाही. स्वतःच घेऊन येते. तरी लिहिते आहे, कारण इतके दिवस रोज मनात तुला लिहायची सवय झाली आहे, आणि समोर आल्यावर मी आधी तुझ्या छपराबद्दल काहीतरी बोलेन हे मला ठाऊक आहे.

इथे सगळ्यांना कळलंय. मी कुणालाही सांगितलं नाही. सकाळी बेकरीच्या रांगेत त्या दोघींपैकी एकीने राईच्या पिठाची पिशवी पुढे सरकवली. शांगीला हेच लागतं, म्हणाली, मैद्याच्या चांगल्या होत नाहीत. ती माझ्याशी बोलली, म्हणजे आता दुसरी तिच्याशी बोलणार नाही. फाइना मात्वेयेव्नाने गुडघ्याला चोळायचं मलम दिलं, दोन नळ्या, एक तुला आणि एक मला, कारण बर्फावरून दोन किलोमीटर चालणं माझ्या वयाला सोपं नाही. क्लिमोव म्हणाला, पहिल्या दिवशी पहिला माणूस मीच असतो, नियम आहे, पण या वेळी मी दोन पावलं मागे राहीन. मी म्हटलं, बर्फ मोडला तर? तो म्हणाला, "तर आधी तुम्ही जाल, मग मी. शिस्तीत."

नोन्ना उद्या साडेनऊला येणार आहे, घरातून निघण्याआधी मला रीतीप्रमाणे मिनिटभर गप्प बसवायला, नाहीतर प्रवास नीट होत नाही म्हणतात. तिलाही यायचं होतं. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी बघू. ती म्हणाली, पुढच्या शनिवारी तुम्हाला मी कशाला हवी असेन, आणि दोन्ही चष्मे पुसायला लागली.

मला भीती वाटते आहे का? हो. अकरा वर्षांत मी जाड झाले आहे, एक दात गेला आहे, आणि तुझ्या अंगणातून घराकडे जायची पायरी डावीकडे होती की उजवीकडे, तेच आठवत नाही. आज दिवसभरात तीनदा वाटलं की सोमवारच्या कामाचं निमित्त करून थांबावं. तिन्ही वेळा पिठाची पिशवी दिसली आणि हसू आलं.

उद्या उणे अठरा तापमान आणि स्वच्छ ऊन अपेक्षित आहे. वाऱ्याचा अंदाज नाही. दहा वाजता निघून मी साडेदहा ते पावणेअकराच्या दरम्यान झारेच्येच्या काठाला पोचेन. जेवण तुझ्याकडे, शांगी माझ्या. रविवारी दुपारी तीनला, उजेड असेपर्यंत, परत निघेन. सोमवार ते शुक्रवार कचेरी. त्यानंतरच्या शनिवारी, म्हणजे एकवीस तारखेला, बर्फ आणखी जाड झालेला असेल, तेव्हाही मी धक्क्यावर उभी राहून जावं की नको असा विचार करीन, आणि मग येईन.

तास्या